परतीची पेटी

सीपी-बेरार आता कुठेच नाही.
पन्नास साली त्याचं नाव गेलं, छप्पन साली तुकडे झाले.
फक्त सिनेमाच्या करारनाम्यात तो शिल्लक होता,
दुसऱ्या पानावर, ‘टेरिटरी’ या शब्दासमोर टाइप केलेला.
त्या मुलखात मी एकतीस वर्षं नोकरी केली.

सीताबर्डीवर, घड्याळांच्या दुकानावरचा मजला,
गिरधर पिक्चर्स. मी रिप्रेझेंटेटिव्ह.
म्हणजे पेटीसोबत जायचं. तुमसर, वरूड, आर्वी, बालाघाट.
थिएटरमालकाशेजारी बसून त्याचाच चहा प्यायचा
आणि त्याच्यावरच पाळत ठेवायची.
अंधारात डोकी मोजायची: बाल्कनी एकशे बारा,
थर्ड क्लास तीनशे चार, मांडीवरची पोरं सोडून.
बहुतेक सिनेमे मी पडद्याकडे पाठ करून पाहिले.
पब्लिक हसलं की कळायचं, इथं विनोद आहे.

आता शेठच्या नातवानं, हर्षिलनं,
परसोडीच्या आयटी पार्कातल्या गेम स्टुडिओत सव्वीस टक्के घेतले.
स्टुडिओनं मुंबईच्या कंपनीला एकोणीस दिले,
त्या कंपनीनं आमचे जुने हक्क उचलले,
हर्षिलनं पांढऱ्या फळ्यावर बाण काढून समजावलं.
कोण कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
साक्षगंधात ऐकली आहेत मी अशी नाती,
मावसआत्याच्या चुलत साळ्यापर्यंत जाणारी.
पंगतीत मात्र सगळे एकाच ओळीत बसतात.

मृण्मयी पराते. इतवारीची पोरगी, कानात तीन बाळ्या.
“काका, तुम्ही सांगून द्या, आम्ही बनवून घेतो.”
मी सांगत गेलो: पेटीची कडी कशी वाजते,
तिकीट फाडताना आधी कुठं दुमडायचं,
हिशेबाच्या कागदावर तेल सांडलं म्हणणारा मालक काय लपवून राहिला असतो.
मग माझ्या चेहऱ्यावर ठिपके चिकटवले.
भुवया उंचवा. हसा. आता चिडून पाहा.
चिडता येईना. ती म्हणाली, समजा, खिडकीखाली चाळीस तिकिटं दडवली आहेत.
लगेच जमलं.

पडद्यावर मी बसलो होतो, खिडकीच्या आत,
तोच शर्ट, खिशाला निळा डाग.
टेबलाखाली मला पाय नव्हते.
“खेळणाऱ्याला दिसत नाहीत ना काका, म्हणून नाही केले.”

मग कागद आला. अकरा पानं.
सवयीनं दुसरं आधी उघडलं.
टेरिटरी: अखिल विश्व.
माध्यम: ज्ञात, आणि पुढे शोध लागेल ते.
मुदत: कायम.
म्हटलं, पोरी, वर्षं लिहायची राहिली वाटतं.
नाही काका, हेच स्टँडर्ड आहे.

आमच्याकडे पाच वर्षं असायची, फार तर सात.
सिनेमा कितीही चालो, मुदत संपली की पेटी परत.
रीळ रेघोट्यांनी भरलेलं, दोन गाणी ऑपरेटरनं कापून ठेवलेली,
पण परत.
पावतीवर तारीख, वजन, सही.
भुसावळच्या पार्सल ऑफिसात एकदा रात्रभर बसलो होतो
एका पडेल सिनेमाच्या सहा पेट्यांसाठी,
ज्या पुन्हा कुणी उघडणार नव्हतं.
तरी मोजून घेतल्या. सहाच होत्या.

मी समासात पेनानं लिहिलं:
मुदत संपल्यावर पेटी परत करावी.
हर्षिल म्हणाला, काका, कोणती पेटी?
मला सांगता आलं नाही. सही केली.
नंतर प्रत पाहिली. स्कॅनमध्ये समास आलाच नव्हता.

काल नातीनं मोबाईल समोर धरला.
कुणीतरी पोरगं माझ्या खिडकीवरून सुसाट धावत गेलं,
तिकीट न काढता, थेट अंधारात.
तिथं माझ्या भुवया उंचावल्या.
इथं, जेवता जेवता, मी मोजला:
एक.